पलीकडची पावलं

कासाब्लांकातल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात बहीजा ॲटलासच्या अभयारण्याची सहल ठरवत होती. स्पीकरवर डोंगरातला वाटाड्या हद्दू बोलत होता. खेचरं, मुक्काम, जेवण, सगळं तो निवांत सांगत होता. पण त्याच्या बोलण्यामागं कुणीतरी कडक बर्फ तुडवत चाललं होतं. करक, करक.

"हा दुसऱ्याच पाहुण्यांना घेऊन निघालाय," ती नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली. "शनिवारी आपल्या तोंडाला पानं पुसणार."

"तुझा तर पुदिनावाल्यावरही संशय!" लारबी हसला.

आवाज जवळ येत होता. बहीजाला राहवेना. "हद्दूभाऊ, खरं सांगा, कुठं चाललाय?"

"कुठला चालतोय, बाई? गुडघा सुजलाय. चुलीपाशी बसलोय एकटाच."

"मग बर्फात चालतंय कोण?"

"बर्फ? यंदा अजून पडलाच नाही."

मग तो दबकत म्हणाला, "म्हणजे तुम्हालाही ऐकू येतंय? मला वाटलं, आवाज तुमच्याच घरातून येतोय. म्हणून विचारलं नाही."

लारबीचं हसू मावळलं. त्यानं झडप घालून फोन बंद केला.

आवाज थांबला नाही.