पौर्णिमेचे पोहे

मामांनी पानाच्या टपरीवर वेळ घालवला आणि मुलगी बघायचा पाचचा कार्यक्रम गेला थेट दिवेलागणीवर! हर्षल सारखा खिडकीबाहेर आभाळाकडे बघत होता. ट्रेकला लांडगा चावल्यापासून पौर्णिमेचा चंद्र दिसला की त्याचाही लांडगा व्हायचा, आणि आज पौर्णिमाच होती. त्यात पोहे देतानाच केतकी त्याला जाम आवडलेली.

"दोघांना गच्चीत बोलू द्या की," मामाच म्हणाले. झालं!

चंद्र वर आला तसे हर्षलच्या हातांवर भराभर केस फुटले, तोंड लांब झालं. "पळा तुम्ही! मी दर पौर्णिमेला लांडगा होतो," तो कसाबसा गुरगुरला.

केतकी जागची हलली नाही. "महिन्यातून एकदाच ना? माझा पहिला नवरा रोज गुरगुरायचा."

हर्षलची नुकतीच फुटलेली शेपटी जोरजोरात हलायला लागली.