दुधाची गाडी

डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर ऊसतोडीचा ट्रक उभा होता. शिलाची आणि नवऱ्याची गाठोडी वर चढली होती, तरी ती दुधानं भरलेली कॅन धरून रस्त्याकडे बघत होती. तांड्यातल्या बायांच्या गटाचं दूध आजपासून रोज नेऊ, असा शब्द एका खासगी डेअरीनं दिला होता. गाडी आली तर इथंच पोट भरणार होतं. "येत न्हाई ती, चल," नवरा म्हणाला. मुकादमानं हॉर्न वाजवला. शिलानं ट्रकवर पाय ठेवला, तोच वळणावर दुधाची गाडी दिसली. "पंक्चर झालं होतं, ताई," म्हणत ड्रायव्हरनं कॅन उचलली. नवऱ्यानं गाठोडी खाली ओढली. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतली नव्हती, त्यामुळे त्यानं न अडवता ट्रक पुढं काढला. घरात दरवर्षी हिवाळाभर मागं एकटी राहणारी सासू परातीत पीठ काढत होती. "एवढं काहून?" शिलानं विचारलं. "यंदा मला एकटीला जेवायचं न्हाई."