मागे राहणारा आवाज

विक्कीनं कॅबिनेटचं झाकण काढलं आणि आतला पंखा बोटानं फिरवून पाहिला. तो फिरेना. पात्यांत कापूस अडकला होता.

"जिनिंग मिलजवळ राह्यता का?"

"मागंच हाय," नलू म्हणाली. पांढरी काठी घडी करून तिनं मांडीवर ठेवली होती. तिचा मोठा भाऊ श्रावण शेजारी उभा होता. कॉम्प्युटर ऑटोत टाकून तिला ढाणकीला विक्कीच्या दुकानात त्यानंच आणलं होतं.

विक्कीनं ब्रशनं कापूस काढला, मशीन स्वतःच्या टेबलावरच्या स्क्रीनला जोडलं आणि थोडा वेळ पाहिलं. मग तो श्रावणला म्हणाला, "मशीन जुनी हाय, पन दोन वस्तू टाकल्या तं चालते अजून चार वर्षं. ग्राफिक कार्ड टाकू अन् मोठा स्क्रीन घ्या. एकदम झकास दिसते."

"दोनच तं टाकाच्या हायेत," श्रावण म्हणाला. "मोठा स्क्रीन बरा राहीन, नलू."

"पाहीन कोन त्याले?" नलूनं विचारलं.

विक्कीनं जीभ चावली. आता तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. "तुमाले काय तरास होऊन राह्यला, ताई?"

तिनं सांगितलं. पुण्याच्या एका संस्थेचं काम होतं. बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि शब्दन् शब्द टाइप करून पाठवायचा. एका कानात रेकॉर्डिंग, दुसऱ्या कानात कॉम्प्युटरचा आवाज. ती टाइप करेल ते कॉम्प्युटर वाचून दाखवायचा. दोनदा पाठवलेला नमुना चुका दाखवून परत आला होता. तिसरा सोमवारी पाठवायचा होता आणि ती शेवटची संधी होती.

"पन हे तं बराबर चालून राह्यलं," विक्की म्हणाला. "हे पहा, अक्षर लगेच उमटते."

"तुमी स्क्रीन बंद करा, भाऊ. अन् मग टाइप करून पहा."

विक्की हसला. ढाणकीत त्याच्याएवढा हात कोणाचा चालत नसे. त्यानं स्क्रीन बंद केला, 'माझे दुकान बाजारात आहे' एवढं वाक्य झरझर टाइप केलं आणि बोटं उचलली. लगेच काहीच ऐकू आलं नाही. मग स्पीकरमधून आवाज आला, "माझे." थोडं थांबून, "दुकान." पुढचा शब्द चुकीचा ऐकू आला. त्यानं घाईनं मागची अक्षरं खोडली. किती खोडली ते त्याला कळलं नाही. आवाज अजून मघाच्याच शब्दावर होता. त्यानं पुन्हा टाइप केलं, पुन्हा थांबला. हात की-बोर्डवर तसाच राहिला.

"आता कुठं हाय मी?"

"मलेबी तेच समजत नाही," नलू म्हणाली.

विक्कीनं स्क्रीन लावला नाही. न पाहताच अजून दोन ओळी टाइप केल्या. दुसऱ्या ओळीला तो वैतागून उठला. मग स्क्रीन लावून मशीनमध्ये काय चाललंय ते नीट तपासायला बसला.

"प्रोसेसर बदलाव लागते का?" श्रावणनं विचारलं.

"नाई. तो रिकामा बसून हाय. मेमरी भरून गेली अन् हार्डडिस्क धापा टाकून राह्यली. म्हनून आवाज मांगं राह्यते." त्यानं कपाटातून दोन लहान डब्या काढल्या. "मेमरी वाढवू. अन् जुनी डिस्क काढून नवी वेगवान डिस्क, एसएसडी, टाकू. बाकी कायलेच हात लावाचा नाही."

त्यानं एसएसडी नलूच्या हातात दिली. तिनं ती तळहातावर तोलली, कडा चाचपल्या. "एवढीशीच?"

"एवढीशीच."

श्रावणनं कॅबिनेटकडे पाहिलं. "म्हंजे घरी नेल्यावर नवं काहीच दिसनार नाही?"

"बाहेरून तं जसंच्या तसं."

"आई म्हनन, एवढे दोघंजनं गेले अन् डबा पुसून आनला," श्रावण म्हणाला. नलूला हसू आलं. त्यालाही आलं.

विक्कीनं नवा की-बोर्डही दाखवला. तिनं बोटं फिरवून परत केला. "माहाच राहू द्या. याच्यावर मले शोधाव लागत नाही." मशीनला हेडफोन लावायची खोबण सैल झाली होती, ती त्यानं न विचारता डाख देऊन पक्की केली.

जुन्या डिस्कमधलं सगळं नवीत उतरायला दीड तास लागला. समोरच्या टपरीवरून दोनदा चहा आला. बाजार भरत आला होता. मिरचीवाल्याची आरोळी दुकानात येत होती. मशीन सुरू झालं तेव्हा चहाचा ग्लास नलूच्या हातातच होता. आवाज आला, "तयार." तिनं ग्लास श्रावणकडे दिला आणि खुर्ची टेबलाशी ओढली.

एक वाक्य टाइप केलं. आवाज बोटांबरोबर आला. तिनं मुद्दाम एक अक्षर चुकवलं. तेही तत्क्षणी ऐकू आलं. ती थांबली, दोन्ही हात मांडीवर घेतले, परत ठेवले. मग एकेक बटण दाबून तिनं आवाजाचा वेग वाढवला. अजून वाढवला. अजून. शब्द एकमेकांना चिकटले आणि श्रावणला तर कढईत मोहरी तडतडल्यासारखं वाटलं.

"दादा, मोबाइल दे," ती म्हणाली. रेकॉर्डिंग तिनं तिथंच लावलं. एक कान मोबाइलला दिला, दुसरा मशीनला, आणि टाइप करू लागली. दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक पाहत उभं राहिलं. विक्कीनं त्याला हातानंच थांबायची खूण केली.

पान भरलं. स्क्रीनवर विक्कीनं ते पहिल्यापासून वाचलं. खोट सापडली नाही.

"ताई," त्यानं विचारलं, "हे कोन्त्या भाषेत बोलून राह्यलं?"

"मराठीच हाय," नलू म्हणाली. तिची बोटं पुढच्या पानावर गेली होती.