वहीचं पहिलं पान

मुलींच्या वसतिगृहात जरा खुट्ट झाल्याचं कळलं, तरी तुला माघारी नेऊन लग्न लावून देईन, असं झुलालआबांनी साक्रीहून निघालेल्या एसटीतच सिंधूला बजावलं होतं. सत्त्याऐंशी साली गावातून कॉलेजला निघालेली ती पहिलीच पोरगी.

धुळ्यात रेक्टरबाईंनी तक्रारवही पुढे केली. "दहा वर्षांत एक तक्रार नाही. तुम्हीच बघा, आबा."

आबांना लिहितावाचता येत नव्हतं, पण कोरं पान त्यांनाही कळत होतं. चार पानं उलटून, सगळीच कोरी आहे ना याची खात्री करायला त्यांनी वही लेकीकडे सरकवली. "बठ्ठी कोरी शे ना, बेटा?"

सिंधूने पहिलं पान उघडलं. कोपऱ्यात छापील आकडा होता, सदतीस. आधीची छत्तीस पानं वहीत नव्हतीच.



"हा आबा, बठ्ठी कोरी शे," ती म्हणाली, तेव्हा रेक्टरबाई पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसल्या.