हिच्यात आत्या किती?

२००९ साल. रेडिओ केंद्राच्या ध्वनिफिती मी सांभाळायचे. साहेबांना जागेसाठी त्या मोडीत काढायच्या होत्या. मी कपाटाच्या किल्ल्या देत नव्हते. नव्या इंजिनीअर मुलीनं लिनक्सच्या संगणकावर तीन डिस्कची ‘रेड’ नावाची एकत्र जोडणी मांडून, मी एकेक काढून दिलेल्या फितींवरचं सगळं ध्वनिमुद्रण उतरवलं होतं. “एखादी डिस्क मेली तर?” मी विचारलं. “उरलेल्या दोघी सांभाळून घेतात. मावशी, तुम्हीच एक काढून बघा.” तिनं माझ्या आत्याची अंगाई लावली; आत्याचा तेवढाच आवाज उरला होता. जीव मुठीत धरून मी डिस्क ओढली. पडद्यावर तक्रारी उमटल्या. सूर ढळला नाही. “हिच्यात आत्या किती?” मी हातातली डिस्क दाखवली. “थोडी. बाकीची त्या दोघींत.” “जमेल तिला. एका घरी कधी टिकलीच नाही.” मी किल्ल्या दिल्या. पुढे साहेब निवृत्त झाले, ती इंजिनीअर मुलगी प्रमुख झाली. तिन्ही डिस्क एकेक करून बदलाव्या लागल्या. आत्या अजून गाते.