निळ्या खोलीची घंटा

हवेलीचं हॉटेल झालं तेव्हा नोकरांना बोलवायच्या घंटांच्या तारा कापल्या. घंटा तेवढ्या स्वयंपाकघरात शोभेला राहिल्या.

निळ्या खोलीत वारलेल्या लेडी ऑगस्टा अजून चहा मागतात, असं मी तीस वर्षं पाहुण्यांना रंगवून सांगतेय. मला कधी काही ऐकू आलं नाही.

नव्या कामवालीला, ब्रायनीला, येऊन तीन आठवडे झाले, आणि तेव्हापासून रोज चारला निळ्या खोलीची घंटा वाजते.

"बाईसाहेबांना माझ्याच हातचा चहा लागतो हं, मिसेस ऑटवे!" रिकामा कप मिरवत ती खाली येते.

आज मी ट्रे हिसकावला. "बस इथेच, शहाणे!"

वर जाऊन दार ठोठावलं.

"तू नको, एडिथ," आतून आवाज आला. "तिला पाठव."

म्हणजे तीस वर्षं लेडी ऑगस्टा मला ओळखत होत्या.