खतातला उष्टा नान

दाताळ्याने दोन-तीनदा उकरलं आणि सबोहतने ते बाजूला टाकलं. दात नानात घुसला तर? ती हातांनीच खताचा ढीग उपसू लागली. कांद्याची सालं, चहाचा चोथा, शेण, जर्दाळूचा पाला. आतून गरम वाफ येत होती.

नवरोजचा सण तोंडावर आला म्हणून आठ दिवसांपूर्वी तिने घराला चुन्याचा हात दिला. खुंटीला दोन पुरचुंड्या होत्या. एकीत धुरीच्या जुन्या काड्या, दुसरीत तिच्या नवऱ्याचा, खुशबख्तचा नान. रशियाला कामावर निघताना त्याने त्या नानाचा एकच घास तोडला होता. उरलेला परत येऊन खायचा. तो घरात आहे तोवर माणूस सुखरूप. काड्या खतात टाकायला गेलेल्या या हुशार सुनेने झटकली ती नेमकी दुसरी पुरचुंडी. कळलं आज सकाळी. आणि नवऱ्याचा फोन तीन दिवस बंद लागत होता.

"काय शोधतेस गं?" सासू मागे येऊन उभी राहिली.

सबोहतने ढिगातून हात काढले. "आई, त्यांचा नान... मी खतात टाकला."

सासू सओदतबीबी गुडघे धरत खाली बसली आणि तिनेही ढिगात हात घातले. कोपरभर खोल, बुरशीने पांढरा झालेला एक तुकडा लागला. उचलताच चुरला. दातांची खूण कुठेच नव्हती.

म्हातारीने तो चुरा कपाळाला लावला, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून जर्दाळूच्या बुंध्याशी ठेवला आणि त्यावर गव्हाचं काड पसरलं. मग हात धुऊन तंदूरमधला ताजा नान घेऊन आली.

"घे, चाव. डावीकडून. तो तसाच चावतो."

"आई, असं चालतं का हो?"

"तो गेला त्या पहिल्या हिवाळ्यात उंदरांनी खाल्ला, तेव्हा चाललं. तू टाकलास तो मी चावलेला होता. आता माझे पुढचे दात कुठे राहिलेत?"

सबोहतने घास तोडला. सावकाश चावून गिळला. सासूने उरलेला नान फडक्यात बांधला, वर आणखी दोन गाठी मारल्या, खुंटीला टांगला.

"लाव आता फोन," ती म्हणाली आणि डोक्यावरचा रुमाल ओढून तिने दोन्ही कान घट्ट झाकून घेतले.